येरझारांचे खेळ

खेळ म्हटला कीं त्यांत हार आणि जीत हीं आलींच, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. सोंगट्या असोत, पत्ते असोत, नाहींतर मुलें ज्यांत तासचे तास डोकें खुपसून बसतात ते संगणकाच्या पडद्यावरील खेळ असोत. कोणाला तरी मात द्यावयाची, कांहींतरी मिळवावयाचें, आणि निदान कालच्यापेक्षां आज चार गुण अधिक करावयाचे, हा त्यांचा धर्म. आज ज्या खेळांविषयीं मी बोलणार आहें ते ह्याच पडद्यावरचे आहेत, पण हा धर्म ते पाळीत नाहींत. त्यांत शत्रु नाहीं, शस्त्र नाहीं, आणि बहुधा गुणही नाहींत. खेळणारानें पडद्यावरील एका माणसाच्या पायांनीं चालावयाचें, दिसेल तें पाहावयाचें, कानीं पडेल तें ऐकावयाचें, आणि दहा मिनिटांत किंवा फार तर दोन तासांत खेळ संपला कीं उठावयाचें. मात्र ज्याच्या पायांनीं आपण चालतों त्याच्या पदरीं कोणाचें तरी दुखणें असतें, मनाची खिन्नता असते, किंवा मरण असतें.

नेहमींच्या खेळाडूंनीं ह्या जातीच्या खेळांना थट्टेनें ‘वॉकिंग सिम्युलेटर’ असें नांव दिलें. वैमानिकांना जमिनीवर बसवून विमान चालविण्याचा सराव देणारीं यंत्रें असतात, तसें हें चालण्याचा सराव देणारें. म्हणजे ज्याला दोन पाय आहेत त्याला निरुपयोगी! थट्टेचें नांव पुढें रूढ झालें आणि आतां गंभीर टीकाकारही तें वापरतात. मला मात्र ह्या खेळांसाठीं आपल्या भाषेंतला एक जुना शब्द सुचतो, तो म्हणजे येरझारा. चालणारा कोठें तरी पोहोंचतो. येरझारा घालणारा पोहोंचत नाहीं, आणि तरीही त्याला बसवत नाहीं. आपल्या संतांनीं हाच शब्द जन्ममरणाच्या फेऱ्यालाही लावलेला आहे, हें श्रोत्यांस सांगावयास नकोच.

प्रथम एक अगदीं लहान नमुना घेऊं. बेल्जियममधील घेंट शहरीं ऑरिया हार्वे आणि मिखाएल सामिन हीं दोघें ‘टेल ऑफ टेल्स’ या नांवानें खेळ रचीत असत. २००८ सालीं त्यांनीं ‘द ग्रेव्हयार्ड’, म्हणजे दफनभूमि, हा खेळ काढला. देखावा काळा-पांढरा. काळ्या पोषाखांतली एक म्हातारी काठी टेकीत थडग्यांमधील सरळ वाटेनें चालली आहे. तिला चालविणारे आपण. परंतु ती आपल्या घाईनें चालत नाहीं, स्वतःच्या गुडघ्यांच्या मतानें चालते. वाटेच्या शेवटीं बांक आहे. त्यावर ती बसली कीं फ्लेमिश भाषेंतलें एक गीत सुरू होतें. तें ऐकावयाचें, मग उठावयाचें आणि आल्या वाटेनें परत फिरावयाचें. हा खेळ फुकट मिळे, आणि पांच डॉलर देणारासही मिळे. दोहोंत फरक एवढाच कीं, पैसे दिलेल्या खेळांत ती म्हातारी बांकावर बसल्या बसल्या मरूं शकते. मरेलच असें नाहीं, मरूं शकते. हें ऐकून कोणासही हसूं येईल. पण मरण शक्य आहे एवढें मनांत शिरल्याबरोबर तीच वाट आणि तोच बांक निराळा दिसूं लागतो. घरांतल्या वृद्ध माणसाला सकाळीं हांक मारल्यावर ‘ओ’ यावयास क्षणभर उशीर झाला म्हणजे आपल्या छातींत जें होतें, तेंच येथें पांच डॉलरांत विकावयास ठेवलें होतें.

त्याच्या आदल्या वर्षीं, २००७ सालीं, अमेरिकेंतील जेसन रोरर यानें ‘पॅसेज’ नांवाचा खेळ रचला होता. पडद्यावर शंभर ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच एवढीच एक पट्टी. खेळाची मुदत पांच मिनिटें. आणि त्या पांच मिनिटांत एक आयुष्य. तरुण मनुष्य डावीकडून उजवीकडे चालूं लागतो. आरंभींच एक स्त्री भेटते. तिला बरोबर घेतलें तर दोघांची जोडी अरुंद वाटांत शिरूं शकत नाहीं, म्हणून तेथल्या धनाच्या पेट्या हातच्या जातात. एकट्यानें गेलें तर पेट्या मिळतात आणि सोबत मिळत नाहीं. केंस विरळ होतात, पाठ वांकते. कांहीं वेळानें ती नाहींशी होऊन तिच्या जागीं थडगें उरतें, आणि मग तोही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें २०१२ सालीं जे पहिले चौदा खेळ आपल्या संग्रहांत घेतले त्यांत हा होता. आयुष्याचा पट मांडण्याची कल्पना आपल्याला नवी नाहीं. मोक्षपटांत सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असत, आणि फांसा टाकणारा चढतउतरत शेवटल्या घरीं जाई. पण तें घर मोक्षाचें असे. रोररच्या पट्टीला तसें घर नाहीं, आणि तें आहे असें त्यानें भासविलेंही नाहीं, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आतां ज्या खेळासाठीं मीं हा विषय घेतला त्याकडे वळतों. पण तत्पूर्वीं एक गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं घरांतील एका वडील माणसाच्या आजारांत मला रुग्णालयाच्या एका लांब ओसरीवर पुष्कळ रात्री काढाव्या लागल्या. तेथें माझ्या असें ध्यानांत आलें कीं, दुखणेकऱ्याच्या सोबतीस आलेला मनुष्य सारखा चालत असतो. चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानाकडे, रक्ताची नळी घेऊन तपासणीच्या खोलीकडे, चहासाठीं खालीं, पैसे भरण्यासाठीं वर. आणि यांपैकीं कांहींच काम नसलें म्हणजे ओसरीच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत. एक गृहस्थ दर फेरीला आपल्या पत्नीच्या खोलीच्या दाराशीं येऊन थांबत, आंत डोकावीत, आणि पुन्हां निघत. आंत पाहण्यासारखें नवें कांहीं नसे, हें त्यांना ठाऊक होतें. पण हातांना करण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, म्हणून तें काम पायांनीं उचललें होतें.

कोलोरॅडो राज्यांतील रायन ग्रीन आणि एमी ग्रीन ह्या दांपत्याला ह्या ओसरीची ओळख फार लवकर झाली. जोएल हा त्यांचा मुलगा. २०१० सालीं, त्याला वर्षही पुरतें झालें न झालें तोंच, मेंदूंत एक दुर्मिळ आणि अतिशय उग्र जातीची गांठ असल्याचें कळलें. डॉक्टरांच्या मतें त्याच्या हातीं थोडेच महिने होते. तो जगला मार्च २०१४ पर्यंत. मेला तेव्हां पांच वर्षांचा होता. बापाचा धंदा संगणकासाठीं कार्यक्रम लिहिण्याचा. मुलगा जिवंत असतांच त्यानें जोश लार्सन व इतर सोबत्यांसह ह्या दुखण्यावर खेळ रचावयास घेतला. खेळ पुरा होण्यापूर्वीं मूल गेलें, आणि मग तो बदलून पुरा करावा लागला. जानेवारी २०१६ मध्यें तो ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ या नांवानें प्रसिद्ध झाला. खेळ दोन तासांच्या आंतबाहेरचा आहे.

त्यांतला एक प्रसंग असा. डॉक्टर आईबापांना समोर बसवून सांगत आहेत कीं गांठ पुन्हां वाढली आहे, आतां करण्यासारखें फारसें नाहीं. मुलाच्या हातीं एक चक्राचें खेळणें आहे. त्याचा कांटा फिरवून आपण तेंच बोलणें प्रत्येकाच्या मनाच्या बाजूनें पुन्हां ऐकूं शकतों. डॉक्टरांच्या मनांत काय आहे, आईच्या मनांत काय, बापाच्या मनांत काय. आणि बोलणें चाललें असतां खोलींत पाणी चढूं लागतें. ज्यांनीं अशा खोलींत खुर्चीवर बसून असें बोलणें ऐकलें आहे त्यांना हें पाणी अतिशयोक्तीचें वाटणार नाहीं. डॉक्टरांचे ओंठ हलतात आणि शब्द कोठून तरी लांबून, पाण्यांतून यावे तसे येतात.

दुसरा प्रसंग रुग्णालयाच्या ओसरींतला. मुलाला चाकांच्या गाडींत बसवून शर्यत करावयाची आणि वाटेंतल्या वस्तू वेंचावयाच्या. येथें खेळ अगदीं खेळासारखा आनंदी होतो. शर्यत संपल्यावर, जशी पद्धत आहे तशी, मिळविलेल्या वस्तूंची यादी येते. ती त्या मुलाला दिलेल्या औषधोपचारांची यादी असते.

तिसऱ्या प्रसंगाचें वर्णन मी शक्य तितकें थोडक्यांत करतों. रात्र आहे. खोलींत बाप आणि आजारी मूल, एवढींच दोघें. मूल तहानेनें तळमळतें आहे, पण पोटांत कांहीं ठरत नाहीं, तें रडतें. खेळणारा इकडे जातो, तिकडे जातो, मुलाला उचलतो, पाजूं पाहतो, खालीं ठेवतो, पुन्हां उचलतो. रडणें थांबत नाहीं. पडद्यावरच्या खेळाची ज्याला संवय आहे त्याची बोटें आपोआप उपाय शोधूं लागतात. येथें कळ असेल, तेथें असेल, कोठें तरी ती असणारच, कारण रचणारानें ती ठेवलेली असतेच. येथें ती ठेवलेली नाहीं. शेवटीं बाप हतबल होऊन प्रार्थना करूं लागतो. ग्रीन कुटुंब श्रद्धाळू ख्रिस्ती आहे. आईचा चमत्कारावर भरंवसा, बापाच्या मनांत शंका, आणि हा ताण खेळांत कोठेंही लपविलेला नाहीं. ज्याला त्यांची श्रद्धा मान्य नसेल त्यालाही तो प्रसंग परका वाटूं नये. देव मानणारा आणि न मानणारा, दोघेही मुलाच्या उशाशीं पहाटेच्या तीन वाजतां सारखेच बसतात.

पोटच्या पोराच्या मरणाचा खेळ करावा, आणि तो विकावा, हें कितपत योग्य? हा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे, आणि मी तो झटकून टाकीत नाहीं. पण विलापिका लिहिणाऱ्या कवीला आपण हा प्रश्न विचारीत नाहीं. कवि आपल्या दुःखाला छंद देतो आणि पुस्तकाला किंमत लावतो. आपण तें विकत घेतों आणि रडतों. मग येथेंच कां अडतें? ‘खेळ’ ह्या शब्दापाशीं अडतें असें मला वाटतें. तो शब्द ऐकतांच पोरखेळ आठवतो. पण विलापिका वाचतांना मी बापाच्या शेजारीं बसतों, तो बोलतो आणि मी ऐकतों. येथें मला त्याच्या जागीं उभें केलेलें असतें, आणि माझेच हात बांधलेले असतात. दुःखाचें वर्णन साहित्यांत विपुल आहे. हतबलता मात्र वर्णनांत नीट सांपडत नाहीं, कारण वाचकाच्या हातीं मुळांतच कांहीं करण्याची सोय नसते, आणि म्हणून ती काढूनही घेतां येत नाहीं.

ह्याला एक विचित्र पुरावा त्याच खेळाच्या विक्रींत मिळाला. मार्च २०१६ मध्यें रायन ग्रीन यांनीं जाहीरपणें लिहिलें कीं, विक्रीपैकीं एक डॉलरही अद्याप आमच्या हातीं आलेला नाहीं. खेळाचा बोभाटा तर पुष्कळ झाला होता. घडलें होतें असें कीं, दुसऱ्या कोणीं तरी खेळतांना टिपलेलीं चलच्चित्रें असंख्य लोकांनीं पाहिलीं, डोळे पुसले, आणि खेळ पाहून झाला असें समजून ते आपल्या कामाला लागले. समाचाराला येणारे पाहुणे असेच असतात. ते मनापासून हळहळतात, यांत शंका नाहीं. पण रात्रीं मुक्कामाला राहात नाहींत.

अगदीं निराळ्या दुखण्याकडे नेणारा एक लहान खेळ इंग्लंडांत झाला. चेल्ला रामनन आणि क्लेअर मॉरवुड या दोघींनीं तो रचला; नांव ‘बिफोर आय फर्गेट’, प्रकाशन २०२० सालीं. सुनीता ॲपलबी ही भारतीय वंशाची विश्वशास्त्रज्ञ त्याची नायिका. तिला अकालीं स्मृतिभ्रंश जडला आहे. तासाभराचा खेळ, त्यांत आपण तिच्या घरांतून तिच्याच डोळ्यांनीं हिंडतों. घराला रंग नाहीं. एखादी वस्तु हातीं घेतली, एखादी आठवण जागी झाली, कीं तेवढ्या जागेला रंग भरतो. ही कल्पना सुंदर आहे, पण ती कोणासही सुचली असती. ज्यासाठीं मी हा खेळ आवर्जून सांगत आहें तो प्रसंग फार साधा आहे. सुनीताला न्हाणीघराकडे जावयाचें आहे. ती दार उघडते, तों कपाट. दुसरें दार उघडते, तेंच कपाट. पुन्हां एक दार, पुन्हां तेंच. चार पावलांचें घर, स्वतःचें घर, आणि त्यांत वाट सांपडत नाहीं. ज्यांच्या घरीं असें माणूस आहे त्यांना ‘अहो, समोर तर आहे दार, दिसत नाहीं कां?’ असें चिडून बोलल्याचें स्मरत असेल. समोरचें दार तें दार नसतें, हें कोणत्याही डॉक्टरानें मला इतकें स्पष्ट करून सांगितलेलें नाहीं. कर्त्या मुलांनीं आणि सुनांनीं हा खेळ एकदां अवश्य खेळावा.

नैराश्याचें काय? येथें मात्र ह्या खेळांची पावलें अडखळतात असें माझें मत आहे, आणि त्याचें कारण मला असें दिसतें कीं, नैराश्यांत चालणेंच होत नाहीं. अंथरुणापासून मोरीपर्यंतचें अंतर ज्याला कापवत नाहीं, त्याचें दुःख रम्य बेटावर फिरवून कसें दाखवावें? झोई क्विन हिनें २०१३ सालीं काढलेला ‘डिप्रेशन क्वेस्ट’ हा खेळ म्हणून मला अधिक खरा वाटतो. त्यांत चालणें नाहींच, नुसता मजकूर आहे. प्रत्येक वळणावर ‘काय कराल?’ असें विचारून पर्याय दिलेले असतात. त्यांतला शहाणपणाचा पर्याय, ‘मित्राशीं मोकळेपणानें बोला’, ‘झोंपा’ अशा धर्तीचा, स्पष्ट छापलेला असतो आणि त्यावर काट मारलेली असते. तो दिसतो, पण निवडतां येत नाहीं. दुखणें वाढेल तसतशा काटा वाढत जातात. ‘जरा बाहेर फिरून या, बरें वाटेल’ असा सल्ला देणाऱ्या आपणां सर्वांना हें उत्तर आहे. तो सल्ला रोग्याला आधींपासून ठाऊक असतो. फक्त त्यावर काट असते.

याच्या उलट दोन फार नांवाजलेले खेळ. ‘डिअर एस्थर’ हा डॅन पिंचबेक याचा खेळ २००८ सालीं प्रथम आणि २०१२ सालीं नव्या रूपांत आला. ह्या साऱ्या जातीचा तो एक मूळपुरुष. स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या हेब्रिडीझ बेटांपैकीं एका ओसाड बेटावर आपण चालतों, आणि मोटारीच्या अपघातांत गेलेल्या एस्थरला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे कानीं पडतात. दर खेपेला तुकडे थोडे निराळे असतात, जसें शोक करणाऱ्याला दर वेळीं निराळेंच कांहीं आठवावें. एवढें उत्तम आहे. पण वाट शेवटीं एका मनोऱ्यावर चढते आणि तेथून पुढें जें होतें तें फार देखणें आहे. दुसरा ‘व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच’, २०१७ चा; २०१८ सालीं ब्रिटिश चित्रपट अकादमीनें त्याला वर्षांतला सर्वोत्तम खेळ ठरविलें. त्यांतला ल्यूइस नांवाचा तरुण मासे डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत कामाला आहे. आपण एका हातानें माशांचीं डोकीं पात्याखालीं सारीत राहावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याच्या मनांतल्या राज्यांत त्याला फिरवावयाचें. हळूहळू तें राज्य सगळा पडदा व्यापतें, आणि मासे कापणारा हात आपल्याही नकळत चालू राहातो. मन कामावरून कसें उडून जातें हें याहून नेमकेपणानें मीं कोठें पाहिलेलें नाहीं. पण प्रसंगाचा शेवट राज्याभिषेकाचा आहे. ल्यूइस मुकुटासाठीं मान लववितो, आणि ती मान खरोखर कोठें आहे हें आपल्याला ठाऊक असतें.

कलेच्या दृष्टीनें हा प्रसंग अजोड म्हणतात, म्हणोत. आत्मघाताला राज्याभिषेकाची शोभा देणें मला खोटें वाटतें, आणि धोक्याचेंही वाटतें. त्या क्षणापर्यंत खेळानें आपल्याला रोग्याच्या शेजारीं नेलें. त्या क्षणीं तो मरणाच्या बाजूला जाऊन उभा राहिला. नैराश्यानें ग्रासलेल्या माणसाच्या हातीं हा खेळ कोणीं एकट्यानें खेळावयास देऊं नये. त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावें आणि पहिल्या दिवशीं आपणही दाराबाहेर बसावें. घेंटच्या त्या म्हातारीला जेव्हां मरण येतें तेव्हां कोणी मुकुट घालीत नाहीं; तिची मान नुसती कलते.

जोएलच्या खेळांतली एक गोष्ट सांगावयाची राहिली. तो पुरा करण्यासाठीं २०१४ सालच्या अखेरीस लोकांकडून वर्गणी गोळा करण्यांत आली. वर्गणीदारांना आपापल्या गेलेल्या माणसांच्या आठवणी खेळांत ठेवण्याची मुभा होती. त्यांचीं शुभेच्छापत्रें आणि चिठ्ठ्या खेळांतल्या रुग्णालयांत मांडून ठेवलेल्या आहेत. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाचें मूल. हीं पत्रें न वाचतां पुढें जातां येतें. थांबून एक एक उघडून वाचतांही येतें. त्यासाठीं गुण मिळत नाहींत, आणि वेळेची मर्यादाही घातलेली नाहीं.